हात वर करून घेतलेलं माप

सोमवार, दुकानातून

बारक्या,

आशीर्वाद देतो, पण रागातच. हे पत्र लिहायचं माझ्या मनात नव्हतं. तुझ्या वहिनीने जेवण वाढताना दोनदा विषय काढला आणि तिसऱ्यांदा वाढलंच नाही, तेव्हा लिहायला बसलो.

डब्याची पिशवी नवी आहे हे तुझ्या लक्षात आलं असेल. तुझी बायको सांगत होती की मैदानाच्या फाटकावर तुमचीच माणसं डबे उघडून बघतात आणि चिठ्ठी सापडली तर फाडून टाकतात, कारण साहेब लोक घरच्यांमार्फत निरोप पाठवून एकेकाला फोडायला बघतायत. म्हणून पिशवीला दुहेरी तळ केलाय. डाव्या कोपऱ्यातला पांढरा दोरा ओढ. कच्चा टाका आहे, एका ओढीत सगळा सुटेल. उत्तर लिहायचं असेल तर तिथेच सरकवून दे. परत शिवायला मी इथे बसलेलो आहेच.

दोन वर्षांत बोललो नाही, त्यामुळे सुरुवात कुठून करावी हा प्रश्नच आहे. तब्येत विचारत नाही. मैदानात झोपणाऱ्या माणसाची पाठ कशी असेल ते मला कळतं. खाली जाड काहीतरी घे.

तुम्हा पोलिसांच्या संपाचं म्हणशील, तर भिंतीवर चिकटवलेल्या तुमच्या मागण्या मी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचल्या. ड्युटीवर ड्युटी, आजाऱ्याला रजा नाही, साहेबांची भाजी आणा, साहेबांचं कुत्रं फिरवा. सगळं रास्त आहे. त्यात खाली एक ओळ आहे, ‘गणवेशाचा दर्जा निकृष्ट.’ ती वाचल्यावर मी समोरच्या चष्मेवाल्याला हाक मारून बोलावलं आणि बोट ठेवून दाखवली. हेच मी भर दुकानात सांगितलं तेव्हा तुला झोंबलं होतं. तू ठेकेदाराची तयार वर्दी घालून आला होतास. मी कॉलर उलटी करून गिऱ्हाइकांना दाखवली, की बघा, आत अस्तरच नाही. तू म्हणालास, ‘दादा, तू कपडा बघतोस. आत माणूस आहे हे तुला दिसत नाही.’ आणि मी शिवून तयार ठेवलेली वर्दी न घेताच गेलास.

ती अजून खुंटीवर आहे. महिन्यातून एकदा झटकून इस्त्री करतो. छातीवरची पट्टी, तुझा चारशे सतरा नंबर, मी हाताने भरलाय. इतक्या मेहनतीचं काम धूळ खात ठेवणं मला जमत नाही, बाकी त्यात काही नाही.

रस्त्याचं सांगतो. चौकात शिट्टी बंद झाल्यावर सुरुवातीला लोक एकमेकांना ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत होते. इतकी सभ्यता मी या शहरात कधी पाहिली नव्हती. मग एक ट्रक मध्येच घुसला आणि सभ्यता संपली. पेन्शनीत निघालेले एक गृहस्थ छत्री घेऊन वाहतूक सांभाळायला उभे राहिले. छत्री एका बसच्या आरशात अडकून गेली, गृहस्थ तेवढे घरी परत आले. चष्मेवाला मला म्हणाला, ‘मास्तर, पोलिसांच्या वर्द्या शिवून म्हातारा झालास. आता चोरांच्या शिव. त्यांची ड्युटी सध्या जोरात आहे.’ मी हसलो नाही. नंतर मशीनवर बसल्यावर हसलो.

तुझी वहिनी बरी आहे. माझ्या गळ्यातल्या पिवळ्या टेपवरून अजून बोलते. म्हणते, हा माणूस टेप घेऊनच जन्माला आलाय, आंघोळीला जातानासुद्धा आठवण करून द्यावी लागते.

तुझा थोरला


मंगळवार, संध्याकाळी

बारक्या,

तुझी चिठ्ठी मिळाली. दोरा नीट ओढलास, कापड कुठे ओरबाडलं नाही, त्याबद्दल शाबासकी. मजकुराबद्दल नाही. दोन ओळीच लिहिल्यास, त्यातली एक ‘पाठ ठीक आहे.’

आज कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान फुटलं. दिवसाढवळ्या. मी दाराशी काज करत बसलो होतो, डोळ्यांनी पाहिलं. तुला वाटत असेल गुंड आले असतील. दोघेतिघे होते तसे, लोखंडी पहार घेऊन. पण शटर वाकल्यावर आत जे शिरले ते रोजचे लोक. माझ्याकडे पँटी शिवणारे. एकाची पँट तर मी पाठीमागूनच ओळखली, मागचा खिसा मीच थोडा तिरका लावून दिला होता, त्याच्याच हट्टाने. बँकेत असतो. तो दोन्ही हातांत बूट धरून पळत होता आणि पळताना माझ्याशी नजरानजर झाली तर सवयीने मान लववून नमस्कार केला त्याने. मीही केला. आता सांग, याला काय म्हणायचं.

गंमत पुढे आहे. काचेमागे मांडलेले सगळे बूट एकेका पायाचे असतात, जोडीचा दुसरा आत माळ्यावर. माळ्याला कुलूप होतं. म्हणजे सगळ्यांनी नेले ते उजव्या पायाचे. दुपारभर लोक एकमेकांकडे डाव्याची चौकशी करत हिंडत होते. दुकानदार बिचारा फुटपाथवर बसून रडत होता आणि रडता रडता त्यालाही हसू आलं.

पण उद्या आमच्या गल्लीची पाळी आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आज पहारवाल्यांपैकी एकाने गल्लीच्या तोंडाशी उभं राहून एकेक पाटी वाचली. चष्मेवाल्याच्या पाटीवर जास्त वेळ थांबला. मी चष्मेवाल्याला म्हटलं, शटर ओढ आणि घरी जा. तो ऐकत नाही. म्हणतो, ‘मास्तर, आत लोकांचे तयार झालेले चष्मे आहेत. माझे असते तर सोडून गेलो असतो. एकीचा मोतीबिंदूनंतरचा आहे, ती भिंत धरून चालतेय. पहार लागली तर काचा राहतील का?’ आणि काउंटरमागे स्टुलावर बसून राहिला. हा माणूस मांजर अंगावर आलं तरी रस्ता बदलतो.

म्हणून विचारतो. तुमचं सगळं रास्त आहे, मी आधीच लिहिलं. पण उद्या दुपारपुरता, फक्त आमच्या गल्लीपुरता, तू साध्या कपड्यांत येऊन उभा राहशील का? दोन माणसं घेऊन ये. हक्काने मागतोय. तू एवढासा होतास तेव्हापासून मी तुझ्यापाशी काही मागितलेलं नाही.

तुझा थोरला


बुधवार, दिवेलागणीला

बारक्या,

तुझं ‘नाही’ मिळालं. कारणही वाचलं. बाहेर पाऊल टाकेल तो फितूर, असं तुम्ही शपथेवर ठरवलंय, आणि तुझ्यावर तर हजेरी घेण्याचं काम दिलंय, मग तूच कसा निघणार. समजलं. दुपारी राग आला होता, आता नाही.

गल्ली शाबूत आहे. तुला काळजी असेल म्हणून आधी तेच सांगतो. ते लोक आले होते, हातगाडी घेऊन, जेवणाच्या वेळेनंतर. आले तसे परत गेले. चष्मेवाल्याच्या काचेला ओरखडा नाही. मोतीबिंदूवाल्या बाई चष्मा घेऊन गेल्यासुद्धा.

परत का गेले, ते काही मला नीट सांगता यायचं नाही. लोक म्हणतात, गल्लीच्या तोंडाशी एक पोलीस उभा होता. लोक काय, वाटेल ते म्हणतात. काही म्हणतात उंच होता. उंच वगैरे काही नव्हता. इस्त्री मात्र कडक होती, हे सगळ्यांनी मान्य केलं.

तुला एक विचारायचं आहे, कामातलं आहे. चौकात उभं राहून तू गाड्या थांबवतोस तेव्हा हात किती वर न्यावा लागतो? खांद्याएवढा, की डोक्याच्या वर? आणि दिवसातून साधारण किती वेळा? घाईचं काही नाही. एक बगल उसवलेला कपडा आलाय दुरुस्तीला, त्यावरून मनात आलं.

डब्यात भाजी थोडी तिखट झालीय. तुझी वहिनी म्हणत होती, आज मसाला दोनदा पडला. लक्ष कुठे होतं कोण जाणे.

तुझा थोरला


शुक्रवार, सकाळी

बारक्या,

पिशवी काल तशीच्या तशी परत आली. डबा भरलेला, तळाचा टाका न ओढलेला. म्हणजे बुधवारचं पत्र तू वाचलंच नाहीस. ते मी पिशवीतून काढून या पत्राला जोडतोय. हे आता पिशवीतून पाठवत नाही, माझ्या हाताने आणतो.

तुझी बायको काल दुकानात आली आणि कटिंगच्या टेबलाला धरून उभी राहिली. बसायला सांगितलं तर बसेना. म्हणाली, ‘दादा, त्यांना वाळीत टाकलंय. कुणाचा तरी मेहुणा बाजारात होता, त्याने नंबर वाचला. चारशे सतरा. म्हणतात, हा हजेरी घेतो आमची आणि मागच्या भिंतीवरून उडी मारून ड्युटी करून येतो. हजेरीची वही काढून घेतली. नळापाशी एकटे बसतात. कुणी शेजारी जेवत नाही.’

मी विचारलं, ‘तो काय म्हणतो?’

‘काहीच म्हणत नाहीत. म्हणतात, मी गेलो नव्हतो. मग नंबर कुणाचा होता, असं विचारलं की गप्प. मी फाटकातून हाक मारली, तर म्हणाले, उद्यापासून डबा नको. आणि म्हणाले, दादाला सांग, खुंटीवरचे कपडे जाळून टाक.’

म्हणजे तुला ऐकल्या क्षणी कळलं होतं, आणि तू बोलला नाहीस. पोलीस नसताना वर्दी घालणं हा गुन्हा आहे, हे तुझ्या गप्प राहण्यावरून माझ्या डोक्यात शिरलं. सगळ्या मैदानासमोर फितूर व्हायचं पत्करलंस आणि माझं नाव घेतलं नाहीस.

तिच्यासमोर मी काय केलं ते लिहायचं टाळत होतो, पण लिहितो. मी चिडलो. ती सांगत होती की त्या मेहुण्याने म्हणे गळ्यात पिवळी दोरीही पाहिली, आणि तुमच्यात सगळे म्हणतायत की संप फोडणाऱ्यांना वरून दिलेली ती खास खूण आहे. मी म्हटलं, गणवेशात पिवळी दोरी नसतेच, शिट्टीची दोरी असते ती गडद निळी आणि डाव्या खांद्याखालून जाते, सांगणारा खोटारडा आहे. तिच्या नवऱ्याचं आयुष्य पणाला लागलंय आणि मी तिला दोरीचा रंग समजावत होतो.

आता बुधवारचं, जसं घडलं तसं.

तुझं ‘नाही’ आलं तेव्हा जेवणं व्हायची होती. मी दुकानाचं दार आतून लावलं, खुंटीवरची वर्दी काढली आणि घातली. तुझ्या मापाची, त्यामुळे पोटावरची बटणं श्वास धरून लावली. टोपी तुझी जुनी, कपाटावर होती ती. छातीवरची पट्टी काढायला हवी हे मला तेव्हाही कळत होतं, बारक्या. इतका मूर्ख मी नाही. उसवायची सुई हातात घेतली होती. दोन टोकांचे टाके कापले असते तर पट्टी हातात आली असती. पण आरशात बघितलं आणि पट्टीशिवायची छाती डोळ्यांसमोर आणली. कापडावर दोन वर्षांत न उडालेल्या रंगाचा चौकोन राहिला असता. अर्धवट वर्दी मी आजवर कुणाच्या अंगावर चढू दिलेली नाही, स्वतःच्या अंगावरही चढवता येईना. सुई खाली ठेवली. एवढंच कारण आहे. दुसरं काही शोधू नकोस.

गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. हात मागे. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, कारण माझा आवाज अर्ध्या शहराला माहीत आहे, ‘उद्या या’ असं सांगणारा. ते आले. पुढे पहारवाला, मागे हातगाडी, तिच्यामागे पुन्हा तीच रोजची माणसं. मला बघून थबकले. बँकवाला होता त्यात. त्याने विचारलं, ‘साहेब, संप मिटला का?’ मी त्याच्याकडे बघितलंच नाही, त्याच्या पँटीकडे बघितलं. कंबर सैल करून द्यायला झालीय.

पहारवाला थांबला, पण हातगाडीवाल्याला पुढचं दिसत नव्हतं, तो ढकलतच होता. तेव्हा मी हात वर केला. तू करतोस तसा. पूर्ण, तळवा पुढे करून.

अर्ध्यावरच हात अडला. खांद्यापर्यंत आला आणि सगळी वर्दी वर ओढली गेली, कॉलर गळ्याला लागली, पट्टा सुटायला आला. मी जोर केला. उजवी बगल टर्रकन गेली. तो आवाज त्यांनीही ऐकला. आत पांढरा बनियन दिसत होता. मी हात वरच ठेवला, कारण खाली घेतला असता तर सगळं संपलं असतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पहारवाल्याने पहार खांद्यावरून काढून गाडीत ठेवली, हळूच, जणू माझीच वस्तू परत करतोय. गाडी वळली. बँकवाला जाताना ‘येतो साहेब’ म्हणून गेला.

दुकानात येऊन मी वर्दी काढली आणि बाही बाजूला करून बसलो. मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, हे मी जगाला सांगत आलोय. एका साहेबाचा टाकून दिलेला कोट मिळाला होता, तो टाका टाका उसवला, कागदावर उतरवला आणि त्यावरून शिकलो. बाहीचा वरचा गोल त्या कोटात उंच होता. उंच गोलाची बाही सरळ पडते, एक सुरकुती येत नाही, आरशासमोर तिच्यासारखी बाही नाही. मी तुझ्या सगळ्या वर्द्या तशाच कापल्या. सलाम ठोकण्यापुरता हात जातो. त्याच्या वर जात नाही. साहेबाला कशाला जायला हवा? त्याला थोडंच चौकात उभं राहून ट्रक थांबवायचा असतो.

तुला इतकी वर्षं थांबवायचा होता. आणि ठेकेदाराची ती बिनअस्तराची पोत्यासारखी वर्दी, तिच्यात हात वर जातो. म्हणून तू ती घालून आलास. आणि मी तिची कॉलर उलटी केली.

फाटकाकडे निघतोय. उसवलेली वर्दी सोबत घेतलीय, जाळलेली नाही. मला अटक होईल की काय होईल ते होवो. तुझी वहिनी विचारतेय कुठे चाललात. तिला सांगितलं, कापड आणायला.

तुझा थोरला


सोमवार, दुकानातून

बारक्या,

तू समोर उभा होतास तेव्हा मला दोन वाक्यंसुद्धा धड बोलता आली नाहीत, आणि तुझ्या हातात दिलेली पत्रं तू वाचलीस की नाही ठाऊक नाही. म्हणून पुन्हा लिहितो. या खेपेला पोस्टाने, वर तिकीट लावून. संप मिटलाय, चिठ्ठ्या शिवून पाठवायची गरज नाही.

त्या दिवशी तू लांब नळापाशी होतास, फाटकावर काय बोलणं झालं ते तुला ऐकू गेलं नसेल. तिथे पांढऱ्या मिशांचे हवालदार बसले होते. मी सांगितलं, ‘चारशे सतराचा थोरला भाऊ. शिंपी. बुधवारी गल्लीत उभा होतो तो मी.’

ते म्हणाले, ‘भावासाठी खोटं बोलायला आलात. चांगलं आहे. माझा भाऊ आला नसता. आता घरी जा.’

मी वर्दी दाखवली. म्हणाले, ‘वर्दी काय, घरात असणारच.’ मी बगल दाखवली. म्हणाले, ‘भिंतीवरून उडी मारताना फाटली असेल.’ माझ्याकडे सगळी उत्तरं तयार होती आणि एकही उपयोगाचं नव्हतं. तेवढ्यात त्यांच्या मागचा एक पोरगेला शिपाई माझ्या गळ्याकडे बघत राहिला. म्हणाला, ‘हवालदारसाहेब, पिवळी दोरी.’

मी हात गळ्याशी नेला. टेप होती.

देवाशपथ सांगतो, तोपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बुधवारी वर्दी चढवली, बटणं लावली, टोपी सरळ केली, आरशात एकेक घडी तपासली, आणि टेप गळ्यातच होती. दिसलीच नाही मला. आपलं नाक आपल्याला दिसतं का. चष्मेवाल्याला दिसली होती, त्याने काल कबूल केलं. म्हणाला, ‘मला वाटलं मुद्दाम घातलीस. म्हटलं, गुंडांची मापं घेतोय.’

हवालदारांनी टेपचं टोक बोटात धरलं, वरचे आकडे वाचले आणि मागे वळून मैदानाला सांगितलं, ‘ही बघा रे, वरून आलेली खास खूण. साठ इंची.’ आधी कुणी हसलं नाही. मग एकजण हसला. मग ते सगळं मैदान, बारक्या. इतक्या दिवसांचे पारोसे, दाढ्या वाढलेले लोक पोट धरून हसत होते आणि मी मध्ये उभा. आयुष्यात माझ्यावर इतकं कुणी हसलेलं नाही. पण तेव्हा तू नळापासून उठलेला मला दिसलास, आणि मला वाटलं, हसू देत.

हवालदार म्हणाले, ‘घाला बघू, खात्री करू.’ मी शर्टावरूनच घातली. बटणं लागेनात. तू येऊन समोर उभा राहिलास. दोन वर्षांनी. मला वाटलं शिव्या देशील. तू म्हणालास, ‘दादा, हात वर कर.’

लहानपणी मी तुला म्हणायचो ते. शर्ट चढवताना.

मी केला. उरलेली शिवणही गेली. तू फाटक्या भागातून दोन बोटं आत घातलीस, मी कापड तपासताना घालतो तशी, आणि हळू म्हणालास, ‘त्या दिवशी हेच सांगायला आलो होतो. तू आधी कॉलर उलटी केलीस.’



हवालदारांनी तुझी वही तुला परत दिली आणि स्वतःचा डबा उघडून तुझ्यापुढे सरकवला, ते मी फाटकाबाहेरून पाहिलं. तू लगेच घास घेतला नाहीस. त्यांनी स्वतः एक खाल्ला, मग तू घेतलास. ते पाहून निघालो.

माझ्यावर अजून काही आलेलं नाही. काल एक साहेब गाडीतून आले, खाली न उतरता माझी पाटी वाचली. चष्मेवाला म्हणतो, गुन्हा नोंदवायचा तर गल्ली कुणी राखली हेही लिहावं लागेल, ते लिहायची त्यांची तयारी नसेल. नोंदवला तर मी सही करेन. अक्षर माझं चांगलं आहे.

आज सकाळी चौकात शिट्टी वाजली. मी काम टाकून दारात आलो. तूच होतास. ठेकेदाराची वर्दी, कॉलर एका बाजूला मान टाकून बसलेली, पाठीवर झोळ. एरवी मी दिवसभर त्या झोळावर बोललो असतो. मी फक्त हात बघितला. सरळ वर गेला, कान ओलांडून, आणि ट्रक थांबला. चष्मेवाला म्हणाला, ‘मास्तर, काय बघतोस?’ मी म्हटलं, ‘चूक बघतोय.’ त्याला वाटलं तुझी.

चारशे सतराच्या दोन्ही बाह्या मी उसवून ठेवल्यात. गोल खाली आणतो, बगलेत चौकोनी तुकडा टाकतो. बाही आता आरशात तितकी सरळ पडणार नाही, खांद्याखाली एक सुरकुती राहील. राहू दे. नंबरची पट्टी तशीच आहे.

बाकी सगळी मापं माझ्याकडे आहेत. हे एक मात्र मी नेहमी हात खाली सोडून घेतलं. ड्युटी सुटली की ये. आल्यावर बोलला नाहीस तरी चालेल, नुसता उभा राहा आणि हात वर कर.

तुझा थोरला